परीक्षा आली की पोट का बिघडतं?

प्रश्न : मी पुण्यात वसतिगृहात राहते. सात-आठ महिन्यांपासून पोटात मुरडा येतो. कधी चारदा जावं लागतं, तर कधी दोन दिवस होतच नाही. परीक्षेत त्रास वाढतो. विद्यार्थ्यांमध्ये आयबीएसचं (आतड्यात दोष दिसत नाही, तरी पोट दुखतं आणि शौचाची सवय बिघडते, तो विकार) प्रमाण कुठे शंभरात पाच, तर कुठे तीस वाचलं. खरं काय?

उत्तर : फरक मुख्यतः निकषांचा आहे. २००६च्या ‘रोम-३’ या आयबीएस ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात महिन्यातून तीन दिवस दुखणं किंवा नुसती अस्वस्थताही चालत होती. २०१६च्या ‘रोम-४’ने अस्वस्थता वगळली आणि आठवड्यातून किमान एक दिवस दुखायलाच हवं, असं ठरवलं. तेवढ्यानेच जगभरातलं प्रमाण शंभरात साधारण नऊवरून चारवर आलं. विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत बहुतेकदा फक्त प्रश्नावली भरून घेतात, तपासणी होत नाही. शिवाय ज्यांचं पोट दुखतं तेच ती आवर्जून भरतात. म्हणून तिशीचा आकडा जपून वाचावा. ताण, चिंता आणि अपुरी झोप असलेल्यांत त्रास जास्त आढळतो, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जुलाब-उलट्यांच्या संसर्गानंतरही दहातल्या एकाला आयबीएस जडतो. तुमचा त्रास तसा सुरू झाला का, ते आठवून पाहा.

तुमचं दुखणं गेले तीन महिने दर आठवड्याला होत असेल आणि दुखण्याचा शौचाशी संबंध, दिवसातून किती वेळा जावं लागतं त्यातला बदल, मलाच्या स्वरूपातला बदल यांपैकी दोन गोष्टी जुळत असतील, तर निदान आयबीएसकडे झुकतं. दोन आठवडे वहीत दुखण्याची वेळ, मल घट्ट की पातळ, खाणं, झोप आणि पाळीची तारीख लिहा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. रक्ततपासणी आणि सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) चाचणी बहुधा पुरते. मात्र शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, हिमोग्लोबिन कमी होणं किंवा रात्री दुखण्याने जाग येणं, यांपैकी एकही असेल तर थांबू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. दर खेपेला ‘अमिबा’ समजून मनाने मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक घेणं थांबवा.

मेसमधल्या राजमा, छोले, कांदा-लसणाच्या रश्श्याने गुबारा धरतो का, ते वहीतून कळेल. दूध दोन आठवडे बंद करून पाहा. दही सहसा सोसतं. एकदम सगळंच सोडू नका, अशाने जेवणच तुटतं.

प्रश्न : इसबगोल घेतल्यावर पोट जास्तच फुगतं. बंद करू का?

उत्तर : बहुधा सुरुवातच जास्त प्रमाणात झाली असावी. दिवसाला चहाचा एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. फुगू दिलात तर गिळवत नाही, कमी पाण्यात घेतलात तर घशात अडकू शकतो. आठवड्याने दुसरा चमचा वाढवा. गव्हाचा कोंडा मात्र घेऊ नका, त्याने अनेकांचा गॅस वाढतो. महिनाभरात फरक नसेल तर बंद करून डॉक्टरांना सांगा.