दुर्बीण, बिनटाका आणि नळी

चोपड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: ‘आमच्याकडे दवाखान्यांच्या पाट्यांवर “दुर्बिणीद्वारे बिनटाक्याची शस्त्रक्रिया” असं लिहिलेलं असतं. दुर्बीण तर लांबचं पाहायला असते, पोटातलं पित्ताशय काय लांब आहे? आणि माझ्या जावेला तीन टाके पडले, मग ती बिनटाक्याची कशी? मराठीत हे नीट कसं म्हणावं?’

दुर्बिणीपासून सुरुवात करतो. शब्द फारसी ‘दूरबीन’वरून आला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारं. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला ‘खुर्दबीन’ म्हणतात. खुर्द म्हणजे लहान, आपल्या गावांच्या नावांत बुद्रुकच्या जोडीला येतो तोच हा खुर्द. म्हणजे व्युत्पत्तीकडे पाहिलं तर ताईंची शंका अगदी रास्त आहे. तरीही हा शब्द बदलू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ते उपकरण घडणीनं खरोखरच दुर्बीण आहे.

१८७९ मध्ये व्हिएन्नात मॅक्सिमिलियन निट्झे या जर्मन डॉक्टरांनी योझेफ लायटर या कारागिराकडून मूत्राशयाच्या आत पाहायची एक नळी बनवून घेतली. नुसत्या पोकळ नळीतून अगदी थोडा भाग दिसायचा. निट्झेंनी तिच्यात दुर्बिणीत असतात तशी एकामागे एक भिंगं बसवली आणि नजरेचा आवाका वाढवला. पुढे १९५९ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं ही मांडणीच उलटी केली. आधी नळीत हवा जास्त आणि मधे मधे पातळ भिंगं असत. त्यानं नळीभर काचेच्या लांब कांड्या घातल्या आणि मधे हवेच्या छोट्या फटी ठेवल्या. त्या फटीच भिंगाचं काम करू लागल्या, उजेड कितीतरी जास्त मिळू लागला, चित्र स्वच्छ झालं. आज पोटाच्या ऑपरेशनला वापरतात ती साधारण १० मिलिमीटर जाड आणि ३० सेंटिमीटर लांब दांडी बहुधा याच रचनेची असते. सर्जन मंडळी आपसांत तिला ‘टेलिस्कोप’च म्हणतात. आपल्या लोकांनी न शिकवता नेमका तोच शब्द निवडला, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. अहिराणीत कुणी ‘पोटमा दुर्बीन टाकी’ असं सांगितलं, की ती तपासायला टाकली की ऑपरेशनला, हे विचारावंच लागतं. जठर पाहायला तोंडातून घालतात ती वाकणारी नळीही आपल्याकडे दुर्बीणच. म्हणून ‘दुर्बिणीनं तपासणी’ आणि ‘दुर्बिणीनं ऑपरेशन’ असं पूर्ण बोलावं. ‘दुर्बिणीतून’ हा प्रयोग मात्र मी मुतखड्यासाठी राखून ठेवीन. तिथं लेझरचा धागा किंवा खडा पकडायची जाळी त्याच दुर्बिणीच्या पोटातल्या वाटेनं आत जाते. पित्ताशयाच्या वेळी दुर्बीण फक्त दाखवते, चिमटे आणि कात्री दुसऱ्या छिद्रांतून येतात. पाटी रंगवणाऱ्यांना एक विनंती: दुर्बीण, पण दुर्बिणीनं. बहीण-बहिणीला, विहीर-विहिरीत, तसंच.

‘बिनटाक्याची’बद्दल मात्र ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. हा शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे घरोघरी पोचला. पोटाला छेद देऊन केलेलं ते ‘टाक्याचं’, दुर्बिणीचं ते ‘बिनटाक्याचं’, असा फरक सांगायला तो सोयीचा होता. मोतीबिंदूच्या बाबतीत तो आज अक्षरशः खराही आहे. चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असताना, दात साफ करणाऱ्या ध्वनिलहरींच्या उपकरणावरून मोतीबिंदू आतल्या आत फोडण्याची कल्पना सुचली. १९६७ मध्ये त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. पुढे घडी घालून आत सोडता येणारं भिंग आलं, आणि दोन-तीन मिलिमीटरची चीर टाक्याशिवाय मिटू लागली.

पित्ताशयाचं तसं नाही. दुर्बिणीनं पित्ताशय काढायला एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत सुरुवात केली. भारतात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते केलं. या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि बेंबीपाशी सुमारे १० मिलिमीटरचं छिद्र पाडतात. त्या छिद्राचा आतला घट्ट पडदा सहसा शिवावाच लागतो, नाहीतर तिथून पुढे हर्निया येऊ शकतो. तो टाका आत विरघळतो, म्हणून दिसत नाही. ‘बिनटाक्याचं’ ऐकून घरच्यांना वाटतं, जखमच नाही. मग बाई आठवड्याच्या आत कापसाचं गाठोडं उचलते, गडी केळीचा घड खांद्यावर घेतो. म्हणून इथं ‘लहान छेदाचं ऑपरेशन’ म्हणावं. छापील पत्रकांत कधी कधी दिसणारं ‘किमान आक्रमक शस्त्रक्रिया’ तर सोडूनच द्यावं, आक्रमक आपण फलंदाजाला म्हणतो.

ताईंनी विचारलेला नाही, पण खानदेशात सगळ्यात गरजेचा शब्द ‘स्टेंट’ आहे. चार्ल्स स्टेंट हे इंग्लंडमधले दंतवैद्य. दाताचा ठसा घ्यायचा त्यांचा मसाला पहिल्या महायुद्धाच्या काळात डच सर्जन योहानेस एसर यांनी त्वचारोपण जागेवर धरून ठेवायला वापरला. तिथून ते नाव आधार देणाऱ्या कोणत्याही वस्तूला चिकटलं. आता हृदयातही स्टेंट आणि मूत्रनलिकेतही स्टेंट. हृदयातली धातूची जाळी कायमची राहते. मूत्रनलिकेतली, दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली मऊ नळी काही आठवड्यांनी काढायची असते. उन्हाळ्यात घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी दाट होते, त्यामुळे आपल्याकडे मुतखड्याचे रुग्ण खूप. ‘स्टेंट टाकलाय’ एवढंच सांगितलं, की शेजारच्या काकांच्या हृदयातल्या स्टेंटसारखाच तो कायमचा, असं समजून माणूस परत फिरकत नाही. विसरलेल्या नळीवर मग खड्याचीच पुटं चढतात आणि ती काढणं अवघड होऊन बसतं.

लोक बोलताना हृदयातल्याला ‘जाळी’ किंवा ‘स्प्रिंग’ म्हणतात आणि किडनीजवळच्याला ‘नळी’. हाच फरक कागदावर उतरवावा. मुतखड्याच्या रुग्णाच्या सुट्टीच्या कार्डावर ‘डीजे स्टेंट’च्या (डबल-जे, म्हणजे हीच दोन्ही टोकांना वळलेली नळी) खाली मराठीत एवढी ओळ हवी: ‘आत नळी आहे. काढण्याची तारीख:’ आणि पुढे तारीख, ठळक.