आयर्लंडमधील ‘बॅली’ आणि ‘किल’

प्रश्न असा आला आहे : आयर्लंडच्या नकाशावर बॅलिमीना, बॅलिना, बॅलिनस्लो, किल्डेअर, किल्केनी अशी ‘बॅली’ किंवा ‘किल’ने सुरू होणारी गावे जागोजागी दिसतात, हे उपसर्ग आहेत का, त्यांचा अर्थ काय, आणि अशी नावे मराठीत कशी लिहावीत?

हे उपसर्ग नव्हेत. आयरिश भाषेत मुख्य नाम आधी येते आणि त्याचे विशेषण किंवा षष्ठ्यन्त पद मागून येते, त्यामुळे आपल्याकडे ‘गाव’, ‘वाडी’, ‘गड’ हे शब्द ग्रामनामाच्या शेवटी येतात, तर तिकडे तशाच अर्थाचे शब्द आरंभी येतात. ‘बॅली’ हे बहुतेक ठिकाणी ‘बाल्य’ या आयरिश शब्दाचे इंग्रजी वळणाचे रूप असून त्याचा अर्थ वस्ती, गाव असा आहे. उत्तरेकडील बॅलिमीना म्हणजे ‘मधले गाव’.

मात्र ‘बॅली’ दिसले की ‘गाव’ असा अर्थ लावून मोकळे होता येत नाही. मेयो परगण्यात मॉय नदीकाठी बॅलिना आहे; या गावाच्या मूळ नावातला पहिला शब्द ‘बेअल’, म्हणजे तोंड, आणि पुढचा ‘आह’, म्हणजे नदी पायी ओलांडण्याचा उतार. उताराच्या तोंडाशी वसलेले म्हणून ते बॅलिना. बॅलिनस्लो हेही याच कुळातले : जमावांच्या उताराचे तोंड. रॉसकॉमन परगण्यातल्या बॅलाहडरीनमध्ये तर तिसराच शब्द आहे, ‘ब्यालख’, म्हणजे वाट किंवा खिंड, आणि पूर्ण नावाचा अर्थ ‘लहानशा ओकराईची वाट’ असा होतो. इंग्रजी कानाला तिन्ही शब्द जवळजवळ सारखे ऐकू आले आणि लेखनात त्यांतला फरक पुसला गेला.

‘किल’ची गुंतागुंत मला याहून महत्त्वाची वाटते. त्याचा नेहमीचा अर्थ चर्च असा आहे. मठातल्या खोलीला लॅटिनमध्ये ‘केल्ला’ म्हणत; तो शब्द ख्रिस्ती धर्माबरोबर आयर्लंडला गेला. किल्डेअर म्हणजे ओकचे चर्च. परंपरेप्रमाणे हा मठ संत ब्रिजिट यांनी स्थापिला. किल्केनी म्हणजे संत कॅनिस यांचे चर्च. पण वन या अर्थाचा आयरिश शब्दही उच्चाराने याच्या अगदी जवळचा आहे. चर्चवाचक शब्दातला ‘क’ तालव्य, ‘य’ची छटा असलेला, आणि वनवाचक शब्दातला ‘क’ जड, जिभेची मागची बाजू उचलून काढलेला, एवढाच काय तो मुख्य भेद. आयरिश भाषेत या भेदाने अर्थ बदलतो, इंग्रजी लिपीत मात्र त्याची खूण राहत नाही. म्हणून मेयोतील किल्टिमा या गावाच्या नावात चर्च नसून वने आहेत, आणि किल्मोर नावाच्या अनेक गावांपैकी काही ‘मोठे चर्च’ आहेत, तर काही ‘मोठे वन’. विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमधील वनक्षेत्र दोन टक्क्यांहूनही कमी उरले होते, हे लक्षात घेतले म्हणजे नाव नीट वाचण्याचे मोल कळते. कधीकाळी तिथे झाडी होती याची साक्ष पुष्कळदा नावापुरतीच उरली आहे.

ही इंग्रजी रूपे ठरली कशी, हेही येथे सांगायला हवे. बरीचशी रूपे आधीपासून कागदपत्रांत होती, पण ती पक्की झाली 1824 साली सुरू झालेल्या सरकारी मोजणीत. स्थानिक कर बसवण्यासाठी ‘टाउनलँड’ या सर्वांत लहान भूविभागाच्या सीमा आखायच्या होत्या. असे विभाग साठ हजारांहून अधिक आहेत. मैलाला सहा इंच या प्रमाणाने संपूर्ण बेटाचे नकाशे काढले गेले. 1830 पासून या कामावर असलेले आयरिश विद्वान जॉन ओ’डोनोव्हन परगण्यापरगण्यांतून फिरले, गावातल्या आयरिश बोलणाऱ्या माणसांकडून उच्चार ऐकला, जुन्या लेखांशी ताडून पाहिला आणि मग नकाशावर घालायचे रूप सुचवले. त्या रूपांनी आयरिश नावांवर इंग्रजी वेष चढवला हे खरे, पण मूळ शब्द कोणता होता याची त्यांनी केलेली नोंद नसती, तर आज किल्मोरपैकी कोणते चर्चचे आणि कोणते वनाचे हे सांगणे कितीतरी अवघड झाले असते.

डब्लिनची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे दोन्ही भाषांतली नावे दोन वेगळ्या जागांवरून आली. ‘डब्लिन’ हे ‘दुव लिन’, म्हणजे काळा डोह, यावरून आले. पॉडल नदी लिफीला मिळते तिथे तो डोह होता. शहराचे आयरिश नाव मात्र ‘बाल्य आह क्लीअ’ आहे, म्हणजे कुडाच्या ताट्या टाकून केलेल्या उताराचे गाव. बोलण्यात ते आक्रसून ‘ब्ला क्लीअ’सारखे ऐकू येते.

आता मराठी लेखनाविषयी. डब्लिन, किल्केनी ही रूढ रूपे बदलण्याचे कारण नाही. अडचण येते ती आयरिश वर्णलेखन तसेच ठेवलेल्या नावांची, कारण आपण रोमन अक्षरे पाहून देवनागरी लिहितो. आयरिशमध्ये ‘ब’ किंवा ‘म’च्या अक्षरापुढे ‘ह’चे अक्षर आले की उच्चार बहुधा ‘व’ होतो. कॉर्कजवळच्या ज्या बंदरातून एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक अटलांटिककडे निघाले, त्याचे नाव म्हणून ‘कोभ’ नव्हे, ‘कोव्ह’ लिहावे. हे नाव मुळात आयरिश नाहीच. इंग्रजीतला लहान उपसागराचा शब्द आयरिश वर्णांत लिहिला आहे. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या भेटीनंतर ते ‘क्वीन्सटाउन’ झाले होते आणि 1920 मध्ये पुन्हा कोव्ह झाले. डब्लिनजवळचे ‘किंग्जटाउन’ही त्याच वर्षी आपल्या जुन्या नावावर परतले, ते ‘डन लाओघेर’ नसून ‘डन लिअरी’ असे लिहावे. डोनेगॉलचे आयरिश नाव, म्हणजे ‘परक्यांचा गड’, देवनागरीत ‘दून न ङाल’ असे लिहिता येते. त्यातला अनुनासिक लिहायला आपला ‘ङ’ तंतोतंत उपयोगी पडतो.