एक दंड भरा, दुसरा भरू नका

प्रश्न : नवी पेठेजवळ आमचं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे. मिस्टर रोज स्कूटर दुकानासमोरच लावतात. तिथं पी-१, पी-२ आहे, म्हणजे तारखेप्रमाणं एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला पार्किंग. परवा मोबाईलवर बघितलं तर एकदम दोन चलनं निघाली. एक १ सप्टेंबरचं, आमच्याच रस्त्यावरचं. मिस्टरांचं म्हणणं, ‘काल पी-१ ला लावली होती, म्हणून आज पी-२ ला लावली, माझं काय चुकलं?’ दुसरं नो-पार्किंगचं, पण दुसऱ्याच शहरातलं. आमची गाडी सोलापूरच्या बाहेर कधी गेलेलीच नाही. महापालिकेत विचारलं, तर ‘हे आमच्याकडं नाही’ म्हणाले. मिस्टर म्हणतात, दोन्ही भरून टाकू, कटकट नको. वकीलसाहेब, काय करावं?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, दोन्ही भरू नका. एक भरायचंच आहे, दुसऱ्याला मात्र हातही लावू नका.

महापालिकेत तुम्हाला बरोबर सांगितलं. मोबाईलवर येतं ते ई-चलन वाहतूक पोलिसांचं असतं, मोटार वाहन कायद्याखालचं. त्याबद्दलची दाद महापालिकेच्या इंद्रभवनात मिळणार नाही.

आता १ सप्टेंबर. पी-१ म्हणजे विषम तारखा, पी-२ म्हणजे सम तारखा. ‘काल त्या बाजूला, आज या बाजूला’ हा हिशेब महिनाभर जमतो आणि ३१ तारखेला फसतो. ३१ विषम, दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. दोन्ही दिवस गाडी पी-१ लाच हवी होती. नवी पेठ, चाटी गल्ली भागातल्या दुकानदारांनी हे ध्यानात ठेवावं, कारण ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यानंतर हे होतं. मिस्टरांनी मुद्दाम केलेलं नाही हे मला मान्य आहे, पण चलन बरोबर आहे. पहिल्या वेळेला ५०० रुपये, पुन्हा तोच गुन्हा झाला तर १५०० पर्यंत. हे भरून मोकळे व्हा. पाटीच झाडाआड किंवा फ्लेक्समागं झाकलेली असती, तर मी तक्रार करा म्हटलं असतं. तसं कुणाचं असेल तर त्याच दिवशी पाटीचा फोटो काढून ठेवावा.

दुसऱ्या चलनाची मला जास्त काळजी वाटते. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन उघडतं, त्यात फोटो असतो. तो मोठा करून नीट बघा. गाडी कुठली, रंग कोणता, नंबरप्लेटवरचं प्रत्येक अक्षर आणि आकडा. बऱ्याचदा ३ चा ८ वाचलेला असतो, नाहीतर एमएच-१२ चं एमएच-१३ झालेलं असतं. तुमची स्कूटर आणि फोटोत मोटरसायकल, असं निघालं तर प्रश्नच मिटला. तिथंच तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक टाका, आरसी आणि तुमच्या गाडीचा मागून-बाजूनं काढलेला फोटो जोडा, चार ओळीत लिहा. ‘आम्ही गरीब माणसं’ वगैरे लिहू नका. फोटोतली गाडी आणि आरसीवरची गाडी यातला फरक लिहा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

फोटोत तुमच्यासारखीच गाडी आणि तुमचाच नंबर दिसला, तर मामला गंभीर आहे. कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग ऑनलाइन तक्रारीवर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीनं अपघात केला तर विचारपूस तुमच्या दारात येईल.

‘कटकट नको’ म्हणून हे चलन भरणं मला अजिबात पटत नाही. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोड केली, असा त्याचा अर्थ होतो. प्रकरण तिथंच संपतं आणि नंतर ‘गाडी आमची नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही. वर पुढच्या वेळी तो दुसरा गुन्हा धरला जाऊ शकतो. दिवसभर गल्ल्यावर बसून मिळवलेला पैसा असा दुसऱ्याच्या चुकीसाठी का घालवायचा?

तक्रार फेटाळली तरी घाबरू नका. दंड मान्य नसेल तर न्यायालयात दाद मागता येते आणि तिथं ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मधे लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. तिथं कोर्ट फी नसते, पण निकाल दोघांच्या संमतीनं होतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. शंका असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात आधी विचारा. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो.

आणि व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका. तिच्यातून बँक खाती रिकामी झालेली आहेत. मिस्टरांनाही आजच सांगून ठेवा.