पाकिटावर जुना पत्ता छापलाय, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार. सावद्याला आमच्या बचत गटाचा केळी वेफर्सचा छोटा उद्योग आहे, आम्ही सातजणी मिळून करतो. आधीची वेबसाइट डॉट इन होती, आता भाच्याने डॉट कॉमवर नवीन करून दिली आणि जुनी पानं काढून टाकली. नवीन छान आहे पण पाकिटावरचा क्यूआर स्कॅन केला की ‘पान सापडलं नाही, ४०४’ येतं. पाच हजार पाकिटं छापून पडलीयेत. भाचा म्हणतो जुनं डोमेन सोडून द्या, पैसे वाचतील. पाकिटं फेकावी लागतील का?
– एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, एकही पाकीट फेकू नका आणि जुनं डोमेन, म्हणजे ते डॉट इनचं नाव, तर अजिबात सोडू नका. साध्या क्यूआरच्या ठिपक्यांत पत्ताच भरलेला असतो, छापल्यावर तो बदलत नाही, म्हणून जुना पत्ता चालू ठेवायचा आणि तिथे येणाऱ्याला परस्पर नव्या पानावर पोचवायचं, ह्यालाच रिडायरेक्ट म्हणतात. डोमेन सोडलं आणि उद्या भलत्याच कुणी घेतलं तर भुसावळ स्टेशनवर तुमचं पाकीट घेतलेलं गिऱ्हाईक स्कॅन करून त्याच्या साइटवर जाईल, आणि पाकिटावर नाव तुमचं. जुनं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, बंद केलं तरी चालेल, पण डोमेन दरवर्षी रिन्यू करा आणि ते नवीन होस्टिंगकडे वळवून घ्या.

वळवल्यावर त्या जुन्या डोमेनसाठीही एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा दाखला, लावून घ्या, हे बरेच जण विसरतात. क्यूआरमधला पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा (सुरक्षित जोडणीचा) असेल आणि सर्टिफिकेट नसेल तर रिडायरेक्ट व्हायच्या आधीच ब्राउझर धोक्याची लाल सूचना दाखवतो, मग गिऱ्हाईक कशाला पुढे जाईल.

आता खरं काम. सगळे जुने पत्ते नव्या होमपेजवर ढकलू नका, हा सोपा मार्ग वाटतो पण नुकसान त्यातच आहे. ज्याने तिखट वेफर्सचं पाकीट स्कॅन केलंय त्याला तिखट वेफर्सचंच पान दिसलं पाहिजे, होमपेजवर सोडलं तर तो शोधत बसणार नाही, आणि गूगलही असं वळवणं बहुतेक वेळा ४०४ सारखंच धरतं. वहीत दोन रकाने करा, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच मालाचं नवीन पान. जुना पत्ता आठवून लिहू नका, पाकीट हातात घ्या, मोबाइलने स्कॅन करा आणि जो दिसेल तो अक्षर न् अक्षर उतरवा, कारण डोमेनच्या पुढच्या भागात इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक बऱ्याच सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, पडतो.

रिडायरेक्टचे प्रकार आकड्यांनी ओळखतात, भाच्याला सांगा ३०१ लावायचाय, म्हणजे कायमचा. ३०२ तात्पुरता असतो. पण पहिल्या दिवशी ३०२ लावूनच तपासा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा लागला तर दुरुस्त करूनही त्या फोनवर जुनंच दिसत राहतं. बरोबर निघालं की ३०१ करा. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर रिडायरेक्शन नावाचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर आहे, पण ते सहसा नव्या डोमेनपुरतंच बघतं, म्हणून तुमच्यासारख्या डोमेन बदललेल्यांनी सर्व्हरवरच लावलेलं बरं. अपाची नावाचा सर्व्हर असेल तर एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये प्रत्येक पानाची एक ओळ : रिडायरेक्ट हा शब्द, ३०१, जुन्या पत्त्याचा डोमेन सोडून स्लॅशपासूनचा भाग, मग नवीन पूर्ण पत्ता. एक लक्षात ठेवा, ही ओळ त्या पत्त्याने सुरू होणाऱ्या खालच्या सगळ्या पानांनाही लागते, म्हणून तिखट वेफर्सची ओळ आधी आणि नुसत्या वेफर्सची नंतर लिहा.

आणि एकदम शेवटच्या पत्त्यावरच न्या, जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर असं नको, गावाकडच्या नेटवर्कवर प्रत्येक उडीला वेळ जातो.

गूगल म्हणतं रिडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा, पण तुमची पाकिटं, दुकानातली पाटी, लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंका हे सगळं त्याहून जास्त टिकतं, म्हणून काढूच नका. पुढच्या छपाईला क्यूआरमध्ये नवीन पत्ता टाका, तोवर ही पाच हजार बिनधास्त बाजारात जाऊ द्या.