ज्याचे ताट त्याच्याच समोर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये माझ्या मुलाचे लग्न इंग्लंडमध्ये, सुनेच्या माहेरगावाजवळच्या एका कंट्री हाउसमध्ये आहे. दिवस शनिवारचा आहे. रिसेप्शनला सुमारे १२० पाहुणे असतील आणि त्यांतील चाळीसेक आमच्या बाजूचे, काही लंडनहून तर काही पुण्या-साताऱ्याहून येणारे. जेवण बुफे नाही. प्रत्येकाला जागेवर प्लेट आणून देणार आहेत. चिकन, मासे आणि शाकाहारी असे तीन पर्याय असून प्रत्येकाची निवड आधी कळवायची आहे. परंतु प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी कोणासमोर काय ठेवायचे हे वाढणाऱ्यांना कसे कळणार? माझ्या सासूबाई आयुष्यभर शाकाहारी आहेत. त्यांच्यासमोर चुकून चिकन आले, तर त्या एक शब्दही न बोलता उपाशी उठतील, याची मला धास्ती वाटते. — एक वाचक, रेडिंग (इंग्लंड)

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. घरच्या पंगतीत वाढणारी माणसे आपलीच असतात आणि आजींना काय चालते हे त्यांना ठाऊक असते. तेथे मात्र वाढणारा वेटर पाहुण्यांना प्रथमच पाहत असतो आणि एका वेळी दोन-तीन प्लेटा हातांवर घेऊन येतो. त्याने टेबलाशी उभे राहून ‘चिकन कोणाचे?’ असे विचारावे लागले, तर व्यवस्था तेथेच फसली असे समजावे, कारण त्या क्षणी चार जण हात वर करतात आणि सासूबाईंसारखी संकोची माणसे गप्प राहतात. म्हणून निवड ही कुटुंबाच्या किंवा टेबलाच्या नावावर न नोंदवता ज्या त्या व्यक्तीच्या नावावर नोंदवावी आणि ती नोंद त्या व्यक्तीच्या खुर्चीपर्यंत तुटता कामा नये.

ही नोंद तुटते ती बहुधा जेवणाच्या दिवशी नव्हे, तर कित्येक आठवडे आधी, उत्तराची कार्डे परत येतात तेव्हा. ‘दोन चिकन, एक शाकाहारी’ एवढेच लिहिलेले कार्ड आले, की स्वयंपाकघराला संख्या मिळते. मात्र शाकाहारी कोण, आई की मुलगी, हे कोणालाच कळत नाही. यासाठी कार्डावर प्रत्येक पाहुण्याचे नाव आपणच आधी छापून किंवा लिहून त्यापुढे पर्यायांचे चौकोन ठेवावेत. शिवाय प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक घालून तोच क्रमांक आपल्या यादीतही ठेवावा, कारण नाव न लिहिता उत्तर पाठवणारी मंडळी हमखास असतात. आपल्याकडील पत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिण्याची प्रथा आहे आणि ती आपुलकीची आहे. पण येथे किती व कोणकोण हे माणूसवार ठरलेले असावे लागते, म्हणून कार्डासोबत तसे दोन ओळींत स्पष्ट कळवावे. साताऱ्याच्या काका-मामांकडून कार्ड परत येण्याची वाट पाहू नये, त्यांना सरळ फोन करावा. ‘काय घ्याल?’ असे विचारले तर ‘काहीही चालेल, आमच्यासाठी त्रास नको’ हेच उत्तर येईल. म्हणून ‘अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, मासे खाता का’ असे नेमके विचारावे.

आता ‘शाकाहारी’ या चौकोनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तेथेच आहे. भारतात पाकीटबंद पदार्थात अंडे असले, की त्यावर मांसाहाराची खूण येते. ब्रिटनमध्ये मात्र अंडे व दूध दोन्ही शाकाहारात मोडतात. त्यामुळे तेथील शेफने अत्यंत प्रामाणिकपणे दिलेल्या शाकाहारी प्लेटमध्येही अंड्याचा ताजा पास्ता, अंड्याचे मेयोनीज किंवा कस्टर्ड असू शकते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. ‘मग व्हेगनच सांगतो’ असे म्हटले तर अंडे टळते. पण दूध, लोणी आणि चीजही जाते आणि ज्यांना दूधदुभते प्रिय आहे अशा आपल्या ज्येष्ठांच्या वाट्याला विनाकारण कोरडे जेवण येते. म्हणून शेफला लेखी कळवावे, की अमुक इतक्या प्लेटा ‘शाकाहारी, बिनअंड्याच्या, दुग्धजन्य पदार्थ चालतील’ अशा हव्यात. त्याच पत्रात पुढील गोष्टींची चौकशी करावी : सूप चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवले आहे का, चीज पार्मेझान आहे का, कारण खरे पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, पानाकोटा किंवा मूस या गोड पदार्थांत जिलेटीन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) आहे का, वूस्टरशर सॉस वापरला आहे का, कारण त्यात परंपरेने अँकोव्ही हे मासे असतात. मेन कोर्सची काळजी सगळेच घेतात, चूक होते ती स्टार्टर आणि डेझर्टमध्ये. आणि लग्नाचा केक तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. केकचा एक थर बिनअंड्याचा करून घेता येत असेल तर अवश्य करावा, म्हणजे सासूबाईंना नातवाच्या लग्नाचा केक तोंडात घालता येईल.

आपण दिवस शनिवारचा सांगितला आहे, हेही महत्त्वाचे आहे. एरवी आवडीने मासे-मटण खाणारी आपल्याकडील अनेक माणसे मारुतीचा वार म्हणून शनिवारी ते खात नाहीत. शिवाय ऑगस्ट म्हणजे बहुधा श्रावण. जून महिन्यात कार्डावर चिकनला खूण करणारा भाचा श्रावणातल्या शनिवारी शेजाऱ्याच्या शाकाहारी प्लेटकडे पाहत बसतो, असे होऊ नये. म्हणून फोनवर आमंत्रण करतानाच वार आणि महिना बोलून दाखवावा. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी येते का, हे पंचांगात आजच पाहून ठेवावे. संकष्टी असेल तर ऑगस्टमध्ये इंग्लंडात चंद्रोदय रात्री उशिरा होतो, तेव्हा उपवास धरणाऱ्यांसाठी फळे व दूध वेगळे सांगावे लागेल.

यादी एक्सेलमध्ये करावी आणि एका माणसाला एक ओळ द्यावी, नवरा-बायकोंनाही एका ओळीत बसवू नये. त्या ओळीत पूर्ण नाव, टेबल, खुर्चीचा क्रमांक, निवड, अ‍ॅलर्जी आणि लहान मूल असल्यास वय एवढे असले की पुरे. स्वयंपाकघराला टेबलागणिक बेरीज हवी असते (टेबल ४ : चिकन ३, मासे २, शाकाहारी ३), तर वाढणाऱ्यांना खुर्चीगणिक माहिती हवी असते, दोन्ही कागद याच एका यादीतून काढावेत, वेगवेगळे टंकले तर त्यांत फरक पडतोच. अंतिम आकडा कोणत्या तारखेपर्यंत हवा हे केटररला आजच विचारून घ्यावे आणि आपल्या नातलगांना त्याच्या आठवडाभर आधीची तारीख सांगावी. फोटोग्राफर आणि वादक यांचे जेवणही याच यादीत असू द्यावे.

प्रत्यक्ष टेबलावर प्रत्येकाच्या नावाचे कार्ड ठेवणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. दाराशी लावलेला फलक कोणते टेबल एवढेच सांगतो. निवड खुर्चीपर्यंत नेण्याचे काम खुर्चीसमोरचे कार्डच करते. त्यावर नावाच्या कोपऱ्यात निवडीची खूण असावी. केवळ रंगावर भिस्त ठेवू नये, कारण मेणबत्त्यांच्या उजेडात हिरवा आणि निळा सारखेच दिसतात आणि काहींना रंगभेद ओळखता येत नाही. रंगासोबत आकार किंवा अक्षर द्यावे, आणि बिनअंड्याच्या शाकाहारी प्लेटची खूण साध्या शाकाहारी प्लेटपेक्षा निराळी असावी, नाही तर वर केलेला सगळा पत्रव्यवहार शेवटच्या दोन फुटांत वाया जाईल. खूण उभ्या माणसाला वरून दिसेल एवढी मोठी, पण शेजाऱ्याला कुतूहल वाटू नये इतकी साधी असावी. आपल्या मंडळींना ‘हे कार्ड तुमच्या प्लेटची ओळख आहे, जागा बदललीत तर कार्डही सोबत न्या’ असे एका तरुण नातलगाने टेबलाटेबलावर जाऊन मराठीतून सांगावे. आपली माणसे जागा बदलणारच. भावाभावांना वेगळ्या टेबलांवर बसवले, तर अर्ध्या तासात ती शेजारी दिसतील, आणि मला विचाराल तर त्यात वावगे काही नाही.

सकाळी वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला भेटून यादीची छापील प्रत द्यावी आणि सासूबाईंची खुर्ची त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. चार-पाच शाकाहारी प्लेटा जादा सांगून ठेवाव्यात. शाकाहारी प्लेट मांसाहारी माणसाला देता येते, उलटे करता येत नाही. त्यामुळे जादा प्लेटांचा खर्च त्याच बाजूने करणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : मुलीच्या पुण्यातील रिसेप्शनला तिच्या कार्यालयातील एक परदेशी सहकारी येणार आहेत. त्यांना सीलिअॅक हा आजार असल्याने गहू मुळीच चालत नाही, आणि त्यांच्या पत्नीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. जेवण पूर्ण महाराष्ट्रीय पद्धतीचे, पंगतीचे आहे. पोळी व पुरी वगळून बाकी सर्व वाढले तर चालेल ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, चालणार नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि हिंग तर आपल्या वरणात, आमटीत, भाजीच्या फोडणीत, कधी मठ्ठ्यातही असतो. सीलिअॅकच्या रुग्णाला गव्हाचा अंशही आतड्याला इजा करतो. ‘थोडेसे चालेल’ हा विचार येथे घातक आहे. कुरडई गव्हाची, जिलेबी मैद्याची, आणि ज्या कढईत पुऱ्या तळल्या त्याच तेलात तळलेला पापडही त्यांच्या कामाचा नाही. शेंगदाण्याचे तर विचारूच नका : काकडीच्या कोशिंबिरीतले कूट डोळ्यांना दिसते, पण भरल्या वांग्याच्या मसाल्यातले दिसत नाही, अळूच्या भाजीत दाणे असतात, आणि तळणीचे तेल शेंगदाण्याचे आहे का हे आचाऱ्यालाच विचारावे लागते.

आचाऱ्याशी आधी बसून या दोघांसाठी सात-आठ जिन्नस ठरवावेत : साधा भात, केवळ हळद-मीठ घातलेले वरण, घरचे तूप, जिरे व हिरव्या मिरचीच्या फोडणीची बटाट्याची भाजी, खोबरे घातलेली कोशिंबीर, तांदळाची भाकरी, श्रीखंड. हे सकाळी इतर स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी, स्वच्छ भांड्यांत, वेगळ्या तेलात व वेगळ्या डावांनी करून झाकून आणि नाव लिहून ठेवावे. भाकरीची परात, तवा व पोळपाट गव्हाच्या पिठासाठी वापरलेले नसावेत. पंगतीत वाढप्याच्या भरवशावर हे सोपवू नये, कारण तो आग्रहाने कूट घातलेली कोशिंबीर वाढून पुढे जाईल आणि पाहुण्यांना शब्दही कळणार नाही. घरातील एका जाणत्या व्यक्तीने त्या दोघांची ताटे स्वयंपाकघरातूनच वाढून आणावीत, त्यांना पंगतीच्या टोकाला बसवावे आणि बाकीच्या वाढप्यांना त्या दोन पानांवर काही वाढायचे नाही असे सांगून ठेवावे. ठरलेले पदार्थ व त्यांतील घटक पाहुण्यांना आठवडाभर आधी लिहून पाठवावेत. आपला आजार त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगला माहीत असतो आणि एखादी शंका असेल तर ते मोकळेपणाने सांगतील. पत्नीजवळ अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन (अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात तातडीने घ्यायचे) असते का, हेही विचारण्यात संकोच करू नये.

प्रश्न : आमच्या रिसेप्शनची वेळ सायंकाळी साडेसात ते दहा आहे. पाहुण्यांत जैन कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा जैन काउंटर ठेवला आहे. आणखी काही करावे लागेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : होय. काउंटरवर कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांसारखी कंदमुळे नसणे एवढ्याने त्यांचे नियम पाळले जात नाहीत. अनेक जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सांगलीत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि मे महिन्यात सातच्या थोडे आधी होतो, म्हणजे आपला काउंटर उघडेपर्यंत त्यांची जेवणाची वेळ उलटून गेलेली असेल. आमंत्रण देतानाच कोणकोण सूर्यास्तापूर्वी जेवतात हे नावानिशी विचारून घ्यावे आणि तेवढ्या ताटांची वेळ केटररशी सूर्यास्ताच्या तासभर आधीची ठरवावी. पत्रिकेबरोबर ‘आपले भोजन सायंकाळी अमुक वाजता तयार असेल’ अशी स्वतंत्र चिठ्ठी द्यावी आणि त्या वेळी यजमानांपैकी कोणीतरी तेथे हजर असावे, नाही तर लवकर आलेल्या पाहुण्यांना रिकाम्या हॉलमध्ये एकट्याने जेवून जावे लागेल. वधूवरांना त्या अर्ध्या तासात पाच मिनिटे तेथे आणता आले, तर जे रात्री थांबू शकत नाहीत त्यांना आशीर्वादही देता येतील.