ब्लूगिलसाठी फ्लाय टाकताय? टाकल्यावर ओढू नका, थांबा

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या फार्मवरच्या तळ्यात ब्लूगिल (गोड्या पाण्यातला चपटा लहानसा मासा) आणि बास (त्याची पिल्लं खाणारा शिकारी मासा) सोडलेत, दोन शनिवार फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, तो टाकायची काठी) घेऊन गेलात, पॉपरभोवती, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायभोवती, सारखी चुळुक होते पण मासा लागत नाही आणि लागलाच तर बोटाएवढा. मी अलाबामात असतो, इथे ब्लूगिलला सगळे ब्रिम म्हणतात, आणि बरीच वर्षं अशाच एका खाजगी तळ्यावर जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा आठ वेटचा रॉड (वेटचा आकडा जितका मोठा तितका रॉड आणि लाइन जड) बाससाठी ठीक आहे, पण पाव किलोचा ब्लूगिल त्यावर कळणारसुद्धा नाही. तीन किंवा चार वेटचा घ्या, फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन, तिच्यापुढे साडेसात फुटी लीडर (निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा), टोकाला 4एक्स जाडीचा टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक दोरा), झालं. लहानपणी गांडूळ लावून गळ टाकलेल्यांचा सुरुवातीला गोंधळ होतो, कारण तिथे शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं, इथे फ्लायला वजनच नसतं, वजन असतं लाइनला, म्हणून मागे नेल्यावर लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे टाकायची. तळ्यावर तीस फूट गेली तरी पुष्कळ.

आता खरी गोष्ट. ब्लूगिलचं तोंड अगदी चिमुकलं असतं, तुमचा सहा नंबरचा पॉपर त्यात मावतच नाही, तो नुसते रबरी पाय ओढून सोडून देतो, चुळुक होते ती तीच. दहा नंबरचा फोमचा कोळी (कोळ्यासारखी तरंगणारी फ्लाय) लावा, नंबर वाढला की गळ लहान होतो. पाण्यावर पडला की वर्तुळं विरेपर्यंत अजिबात हलवू नका. पाणी नितळ असेल तर दिसेल बघा, मासा खाली वीतभर अंतरावर येऊन थांबतो, पर हलवत नुसता बघत राहतो, आणि मग ओठांनी फ्लाय आत ओढून घेतो. नाहीच आला तर लाइनला एक हलकी टिचकी, परत थांबा. घेतल्यावर रॉड झटकायचा नाही, डाव्या हाताने लाइन ओढायची आणि टोक थोडं वर घ्यायचं. उशीर झाला तर फ्लाय गिळतो, त्यामुळे गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवा. भर दुपारी मोठे मासे खाली जातात, तेव्हा त्याच कोळ्याच्या गळाला दोनेक फूट टिपेट बांधून बारा नंबरची निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी, बुडणारी फ्लाय) सोडा, कोळी बुडाला की ओढा.

पाणी 70 फॅरनहाइटच्या आसपास आलं की काठाजवळच्या उथळ पाण्यात तळाशी ताटं मांडल्यासारखे गोल खड्डे दिसतील, एकाला एक लागून. ती त्यांची घरटी, आणि त्यावर फिरणारा नारिंगी छातीचा मोठा मासा म्हणजे अंडी राखणारा नर. तो कशावरही तुटून पडतो म्हणून पकडायला सगळ्यात सोपा, पण कृपा करून त्याला लगेच परत सोडा. तो नसला की बाकीचे मासे अंडी खातात, आणि वर्षानुवर्षं मोठे नर काढत राहिलं की लहान नर लवकर वयात येतात, त्यांची वाढ खुंटते आणि तळं बोटाएवढ्या माशांनी भरतं. मित्राला विचारा आधी मोठे किती काढलेत आणि बास किती उरलेत. सोडताना साधारण दहा ब्लूगिलमागे एक बास धरतात, बास कमी झाले की पिल्लं खायला कोणी उरत नाही. याच अलाबामात केटोना लेकमध्ये 1950 साली 4 पाउंड 12 औंसाचा ब्लूगिल मिळालाय, म्हणजे ही जात मुळात लहान नाही.

खायचे असतील तर छोटे-मधले न्या, मित्र हो म्हणाला तर हवे तेवढे. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून अख्खे तळा. आणि धरताना हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात, उलटा हात गेला तर तळव्यात घुसतात आणि दोन दिवस ठणकतं.