गाईड जे बोलले ते त्याच दिवशी लिहून पाठव

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. पीएचडीच्या गाईड सरांनी तिसरा चॅप्टर परत फिरवला, मागच्या वेळी जे घालायला सांगितलं तेच आता काढ म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लू टिक येते पण उत्तर नाही, आणि तू मलाच विचारतेयस, "मॅडम, माझ्यातच काही कमी आहे का?" नाही गं. मला एवढंच सांग, मागच्या वेळी ते काय म्हणाले होते ते कुठे लिहिलेलं आहे?

कुठेच नाही ना. मग आधी ते.

गाईडशी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. आज काय ठरलं, मी काय लिहून देणार, कधी देणार, सर कधीपर्यंत वाचतो म्हणाले. खाली "काही राहिलं असेल तर कळवा सर". बस. त्यांना राग येईल म्हणतेस? येऊ दे की! आणि खरं सांगू, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, पेपर तपासणी, मीटिंगा यात बऱ्याच गाईडना आठवतच नाही तुला काय सांगितलं ते. मेल त्यांच्याही कामाचा आहे.

माझ्या वेळी मेल नव्हते, वही होती. गाईडनी एक अख्खा भाग लाल पेनने आडवा मारला, "हे कोणी लिहायला सांगितलं तुला?" मी वही उघडून पुढे सरकवली, तारीख आणि त्यांचंच वाक्य. चष्मा वर करून वाचलं, वही परत दिली, "बरं, राहू दे." मग डिपार्टमेंटमध्ये बोलायला लागले, ही पुरावे गोळा करते म्हणे. बोलू देत. मी आवाज चढवला नव्हता, त्यात उद्धटपणा कसला ते मला आजही कळत नाही. माझ्याबरोबरची मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, अर्ध्यात सोडून गेली. तिचं सगळं तोंडी होतं, शेवटी शेवटी तर तिचा स्वतःच्याच आठवणीवर भरवसा राहिला नव्हता. ते मला अजून सलतं.

अभ्यासाचा ताण झेपतो गं, उद्या केबिनमध्ये काय ऐकायला मिळेल याचा झेपत नाही. 2018 मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त 26 देशांतल्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा, त्यातले बहुतेक पीएचडीचे, सर्व्हे आला होता, त्यात डिप्रेशन किंवा अँग्झायटी असलेल्यांपैकी निम्म्यांना आपल्याला गाईडकडून खरं मार्गदर्शन मिळतं असं म्हणता आलं नाही. तू एकटी नाहीयेस.

आणि आरएसीत, म्हणजे तुझं काम बघणाऱ्या रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीत, खाली मान घालून "काम चालू आहे" म्हणून येतेस ते आता बंद कर. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला त्या कमिटीपुढे प्रेझेंटेशन असतं, ते तुझ्यासाठीही आहे. कन्व्हीनर गाईडच असतात, मान्य, म्हणून तर कागद हवा. ड्राफ्ट दिला कधी, परत आला कधी, नुसत्या तारखा. तक्रारीचा एक शब्द नको. तारखा लिहिलेल्या असतील तरच सांगशील ना, म्हणून परत परत सांगतेय, लिही!

झोप अशीच उडत राहिली तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं, त्यात लाज कसली.

गुरुवारी भेट आहे ना? बाहेर आलीस की हॉस्टेलवर जायच्या आधी लायब्ररीत बसून मेल लिही. पाठवण्याआधी मला दाखव, त्यातले "सॉरी सर" मी काढून देते.